उजेडाने जागे होणारे औषध



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा त्यांची साहजिकच अशी समजूत होती की, कामगार चळवळीतला मनुष्य महागाईवर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल, फार झाले तर नव्या कामगार संहितांवर बोलेल. आम्ही चिठ्ठीवर लिहून दिले, ‘प्रकाशाने जागी होणारी धातूंची संयुगे आणि कर्करोग’. चिटणिसांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि मग आमच्याकडे पाहिले. त्यांच्या मनात जे आले ते आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात या क्षणी आले असेल, म्हणून प्रथमच सांगून टाकतो. आम्ही रसायनशास्त्राचे पदवीधर नाही. कशाचेच पदवीधर नाही. जे काही शिकलो ते रात्रीच्या शाळेत, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या बाकांवर आणि जाणत्यांना प्रश्न विचारून विचारून बेजार करून. आपल्या या टेंभी नाक्याचे नाव टेकाडावरून पडले की टेंभ्यावरून, ते पंडितांनी ठरवावे. विद्वत्तेचा टेंभा मिरवण्याकरिता मात्र आम्ही येथे उभे नाही. एका कामगाराने आम्हाला एक प्रश्न विचारला, त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही या विषयात शिरलो, आणि जेवढे हाती लागले तेवढे आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

हा कामगार लेथवर होता. गालाच्या आत गाठ झाली. शस्त्रक्रिया झाली, नंतर किरणोपचार झाले, आणि किरणोपचारांबरोबर दर तीन आठवड्यांनी शिरेतून एक औषध देण्यात आले. माणूस वाचला. हे आधी सांगितले पाहिजे, कारण पुढची तक्रार ऐकून कोणी त्या औषधाला नावे ठेवील. कामावर परतल्यावर त्याला असे आढळले की यंत्राचा आवाज आपल्याला पुरता ऐकू येत नाही. कसबी कामगार लेथ चालवतो तो डोळ्यांइतकाच कानांनी चालवतो. हत्याराची धार गेली की कापणीचा सूर चढतो, आणि तो बारीक सूर कानावर पडताच हात आपोआप मागे येतो. याला नेमका तोच सूर ऐकू येईना. त्याच्या जागी रात्रंदिवस रातकिडा ओरडल्यासारखा आवाज. आम्हाला भेटला तेव्हा म्हणाला, “दादा, गाठ तर गालात होती. मग औषध कानात कशाला गेलं?”

प्रश्न साधा आहे, आणि गेली काही दशके देशोदेशीचे रसायनशास्त्रज्ञ ज्या प्रश्नाशी झुंजत आहेत तो थेट हाच आहे.

त्या औषधाचे नाव सिस्प्लॅटिन. त्याच्या पोटात प्लॅटिनम हा धातू आहे. हे संयुग मिशेल पेरोन नावाच्या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने १८४४ साली तयार केले आणि त्यानंतर सव्वाशे वर्षे ते बाटलीत पडून राहिले; औषध म्हणून त्याकडे कोणी पाहिले नाही. १९६५ साली अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे पदार्थवैज्ञानिक जंतूंच्या द्रावणातून वीज सोडून पाहत होते. जंतूंची वाढ चालू राहिली, पण त्यांचे विभाजन थांबले. एकाचे दोन होण्याऐवजी एकेक जंतू नुसता लांबत गेला, नेहमीच्या लांबीच्या तीनशे पटींपर्यंत. प्रथम वाटले, हा विजेचा प्रताप. शोध घेतला तेव्हा विजेचा त्यात हात नव्हता. वीज नेण्यासाठी बुडवलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांचा किंचित अंश द्रावणात उतरत होता आणि तेथल्या अमोनिया व क्लोरीन यांच्याशी संयोग पावून नवे संयुग बनत होते. या शोधातला एक तपशील आम्हाला फार मोलाचा वाटला. प्लॅटिनमचे ताजे द्रावण जंतूंवर टाकले तर काहीच होत नसे. तेच द्रावण उजेडात काही काळ राहिले की त्याला गुण येई. म्हणजे या औषधाच्या जन्मवेळीच उजेड दाराशी उभा होता. पण त्या वेळी लक्ष गेले औषधाकडे. उजेडाकडे वळावयास आणखी काही दशके जावी लागली. १९६९ साली उंदरांच्या गाठींवर गुण आल्याचे प्रसिद्ध झाले आणि १९७८ साली अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

हे औषध करते काय, ते कॅरमच्या उदाहरणाने सांगतो. मध्ये प्लॅटिनमचा अणू आणि भोवती चार बाजूंना चार गडी, दोन अमोनियाचे आणि दोन क्लोरीनचे. कॅरममध्ये भिडू समोरासमोर बसतात. तसे बसवले तर संयुग तयार होते, पण त्याने रोग बरा होत नाही. भिडू शेजारी-शेजारी बसवले तर ते सिस्प्लॅटिन. माल तोच, वजन तेच; नुसती बसण्याची जागा बदलली की एक औषध आणि दुसरे निरुपयोगी. रक्तात मीठ पुष्कळ असते, म्हणून तेथे क्लोरीनचे गडी जागचे हलत नाहीत. औषध पेशीच्या आत शिरले की तेथे मीठ कमी. क्लोरीन सुटतात आणि प्लॅटिनमचे दोन हात मोकळे होतात. त्या मोकळ्या हातांनी ते पेशीच्या केंद्रातील डीएनएला धरते.

डीएनए म्हणजे पेशीची नकलवही. दोन पदर एकमेकांभोवती पिळलेले, दोरासारखे. पेशीचे दोन व्हावयाचे तर आधी हा दोर उसवून त्याची हुबेहूब नक्कल करावी लागते. प्लॅटिनम त्या दोरावरच्या शेजारच्या दोन कड्या, ज्यांना ग्वानिन म्हणतात, त्या एकदम पकडून ठेवते. दोर तेथे वाकतो, नक्कल अडते, दुरुस्ती करणारी यंत्रणा हात टेकते आणि पेशी मरते. कर्करोगाची पेशी सतत दुपटीचे काम करीत असते, म्हणून तिला हा मार जास्त बसतो. पण जी जी पेशी झपाट्याने वाढते तिला तो बसतोच. शिवाय हे औषध रक्तातून सर्वांगात फिरते. मूत्रपिंडांना इजा होऊ नये म्हणून शिरेतून पाणी भरभरून चढवावे लागते, आणि ओकाऱ्या होतात त्या निराळ्याच. आणि कानाचे म्हणाल तर, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की शरीराच्या बहुतेक भागांतून प्लॅटिनम हळूहळू निघून जाते, परंतु आतल्या कानात ते महिनेच्या महिने, किंबहुना वर्षे, ठाण मांडून बसते. आमच्या मित्राला हे उत्तर सांगितले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “म्हणजे अजून आहे म्हणा की आत.”

मग औषध कमी का देत नाहीत? आम्हीही हेच विचारले. कामगार पुढाऱ्याला थोडे थोडे करून घेण्याची सवय असतेच. याचे उत्तर परळच्या टाटा रुग्णालयाने मिळवलेले आहे, आणि ते आपल्याच माणसांवरून मिळवलेले आहे. डोके व मान यांच्या कर्करोगाचे ३०० रोगी घेतले. निम्म्यांना शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे ३० मिलिग्रॅम औषध आठवड्याला एकदा, आणि निम्म्यांना १०० मिलिग्रॅम तीन आठवड्यांतून एकदा. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनंतर रोग जागच्या जागी आटोक्यात राहिला तो थोडे-थोडे घेणाऱ्यांत ५८.५ टक्क्यांचा, आणि एकदम घेणाऱ्यांत ७३.१ टक्क्यांचा. पण तीव्र त्रास झाला तो अनुक्रमे ७१.६ आणि ८४.६ टक्क्यांना. पुढे २०२२ साली जपानी डॉक्टरांनी असे दाखवले की शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांना आठवड्याला ४० मिलिग्रॅम दिले तर ते उणे ठरत नाही. म्हणजे मात्रेची ही ओढाताण अद्याप चालूच आहे. टाटा रुग्णालयाच्याच दुसऱ्या एका प्रयोगात गर्भाशयमुखाचा कर्करोग पुढच्या अवस्थेला गेलेल्या ८५० स्त्रियांपैकी निम्म्यांना किरणोपचारांबरोबर सिस्प्लॅटिन दिले, तेव्हा पाच वर्षांनी शंभरांतल्या ४६ च्या जागी ५४ स्त्रिया जिवंत होत्या. शंभरांत आठ! हे आठ संसार डोळ्यांपुढे आणले म्हणजे औषध टाकून देण्याची भाषा तोंडात येत नाही. ते सोडवत नाही आणि सोसवतही नाही, असा हा पेच आहे.

या पेचातून निघण्याची जी एक वाट शोधली जात आहे ती आजचा आमचा विषय. कल्पना अशी: औषध शिरेतून जावे ते झोपलेले. कानात जावो, मूत्रपिंडात जावो, तेथे ते निजूनच राहील आणि निजलेलेच बाहेर पडेल. जेथे गाठ आहे तेथे मात्र डॉक्टरने दिवा धरावा, आणि त्या उजेडात ते जागे व्हावे. मग औषध कोठे गेले याला महत्त्व नाही. दिवा कोठे धरला याला आहे.

ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. आमच्या आईच्या वेळी कोडावर बावचीचे बी उगाळून लावीत आणि उन्हात बसवीत. लेप सावलीत लावला तर उपयोग नाही, हे त्या बायकांना ठाऊक होते. १९३३ साली आपल्याच देशातील रसायनशास्त्रज्ञांनी बावचीच्या बियांतून सोरालेन हे द्रव्य वेगळे काढले. आज आपल्याला माहीत आहे की सोरालेनचा रेणू डीएनएच्या पिळात अलगद सरकून बसतो आणि उन्हातले अतिनील किरण पडले की दोन्ही पदरांना टाका घालतो. १९७४ पासून सोरायसिस या त्वचारोगावर पाश्चात्त्य डॉक्टर त्याच जातीचे औषध आणि किरण अशी जोडी वापरू लागले. १९८७ साली त्वचेत पसरणाऱ्या एका रक्तपेशींच्या कर्करोगावर तर रोग्याचे रक्त बाहेर काढून, औषध मिसळून, किरणांखालून नेऊन पुन्हा अंगात सोडण्याची युक्ती यशस्वी झाली. अर्थात दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. वर्षानुवर्षे असे उपचार घेणाऱ्यांत त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढलेला आढळला. डीएनएला हात घालणारे औषध दुधारी असते. गल्लीतल्या वैदूकडून बावची आणून उन्हात बसण्याचा उद्योग कोणी करू नये.

आता बावची सोडून धातूकडे वळू. धातू कशासाठी? अणू कसे रचावे, किती हात द्यावे, कोणत्या हातात काय धरावे आणि कोणत्या रंगाच्या उजेडाने कोणता हात सुटावा, ही मुभा धातूंच्या संयुगांत जितकी मिळते तितकी अन्यत्र क्वचितच मिळते. फिटर मंडळींना हे लगेच पटेल. ब्रिटनमधील पीटर सॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात चार हातांऐवजी सहा हातांचे प्लॅटिनम घेतले. सहाही हात भरलेले, त्यामुळे ते अंधारात कोणाला धरीतच नाही. त्यांतील दोन हातांत तीन-तीन नायट्रोजनचे गट, ज्यांना अझाइड म्हणतात. उजेड पडला की हे गट सुटतात, सहा हातांचे प्लॅटिनम चार हातांचे होते आणि डीएनएला जाऊन भिडते.

याला विशेष महत्त्व आहे, ते का ते सांगतो. उजेडाने कर्करोग मारण्याची जुनी रीत निराळी होती. म्युनिकमध्ये १९०० साली ऑस्कर राब या विद्यार्थ्याने पाहिले की विशिष्ट रंगात बुडवलेले सूक्ष्म जीव अंधारात जगतात आणि उजेडात मरतात. त्यातूनच पुढे जे उपचार निघाले त्यांत औषध उजेडाची शक्ती घेते आणि ती प्राणवायूला देते. भडकलेला प्राणवायू मग पेशी जाळतो. ही रीत १९९३ पासून मान्यता पावलेली आहे. पण तिला प्राणवायू लागतो, आणि मोठ्या गाठीच्या गाभ्यात तोच नसतो. चाळीतल्या आतल्या खोलीत हवा नसते तसे समजा. सॅडलर यांच्या संयुगाला प्राणवायूची गरज नाही. कुलूप उजेडानेच उघडते.

आपल्या देशात या कामाचे मोठे केंद्र झाले ते बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून १९०९ साली निघालेली ही संस्था. तेथे अखिल चक्रवर्ती यांनी, ज्यांना १९९८ साली भटनागर पुरस्कार मिळाला, लोखंड, तांबे, व्हॅनेडियम असल्या स्वस्त धातूंची उजेडाने जागी होणारी संयुगे वर्षानुवर्षे तयार केली. लोखंड आणि तांबे! आमच्यासारख्याला हे नाव ऐकूनच घरचे वाटते. परंतु त्यांचे जे काम आम्हाला सर्वांत भावले ते २०१५ सालचे. सिस्प्लॅटिनमधले दोन अमोनिया तसेच ठेवले. दोन क्लोरीन काढून त्यांच्या जागी हळदीतले पिवळे द्रव्य, कर्क्युमिन, चिमट्यासारखे बसवले. चक्रवर्ती आणि कोंडय्या यांच्या प्रयोगशाळांनी मिळून हे काम केले आणि संयुगाला लाडके नाव दिले प्लॅटिक्युर. कर्क्युमिन एकटे असले तर पाण्यात लवकर मोडते. प्लॅटिनमला चिकटले की टिकते. अंधारात दोघे एकमेकांना धरून गप्प. उजेड पडला की चिमटा सुटतो. प्लॅटिनम डीएनएकडे जाते आणि सुटलेले कर्क्युमिन उजेडात आपला निराळा घाव घालते. एका पुडीत दोन औषधे, आणि पुडी उजेडाने उघडणारी.

येथे लगेच एक गोष्ट बजावून ठेवली पाहिजे, नाहीतर उद्या सकाळी कोणी दुधात चमचाभर जास्त हळद टाकील. हळद खाऊन यातले काहीही होत नाही. हळदीचे दूध प्यावे, चांगले लागते. ज्याला गाठ आहे त्याने त्या भरवशावर एक आठवडाही घालवू नये. आजकाल मोबाईलवर येणाऱ्या आरोग्याच्या निरोपांनी जितके आयुष्यांचे आठवडे खाल्ले तितके कोणत्या वैदूनेही खाल्ले नसतील.

असल्या संयुगाची परीक्षा कशी करतात, ते पाहण्यासारखे आहे. काचेच्या दोन बशा घेतात, दोन्हींत मानवी पेशी वाढवतात, दोन्हींत तेच औषध तितकेच घालतात. एक बशी अंधारात ठेवतात, दुसरी उजेडात. उजेडातली मेली आणि अंधारातली जगली तर औषध कामाचे. अंधारातलीही मेली तर ते झोपेत चालणारे औषध. त्याला पुढे जाऊ देत नाहीत. या बशा आपल्याकडे आणण्याचे श्रेय एका मराठी बाईंना आहे. कमल रणदिवे, पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी मुंबईत १९४९ साली डॉक्टरेट मिळवली, मग अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याची विद्या शिकल्या, आणि परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ती विद्या रुजवली. हे केंद्र १९५२ साली निघाले होते आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक. पुढे ते टाटा रुग्णालयाशी जोडले गेले.

ज्या गाय यांच्याकडे रणदिवे शिकल्या त्यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतल्या पेशी बशीत वाढल्या आणि वाढतच राहिल्या. आजही जगभर त्या वाढत आहेत. औषधांच्या परीक्षेत त्या कितीदा वापरल्या गेल्या याला गणती नाही. ही बाई कृष्णवर्णीय. लहानपणापासून तंबाखूच्या शेतात राबलेली, नवरा पोलादाच्या कारखान्यात कामाला. तिला कोणी विचारले नाही, तिच्या घरच्यांना कोणी सांगितले नाही. ती त्याच वर्षी, वयाच्या ३१ व्या वर्षी वारली. तिच्या पेशींवर कंपन्यांनी पैसा मिळवला, आणि त्यांतील एका मोठ्या कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली ती २०२३ साली. बहात्तर वर्षांनी. आम्ही पुष्कळ थकबाकी वसूल केली आहे, पण इतकी जुनी नाही.

आता अडचणी. घरी गेल्यावर अंधारात मोबाईलचा दिवा लावा आणि बोटाचे टोक त्यावर दाबून धरा. पांढरा उजेड आत जातो, पण बोटातून पलीकडे येतो तो लाल. निळा, हिरवा सगळा वाटेतच मांसाने आणि रक्ताने गिळला. शरीरात खोल जातो तो लाल उजेडच, आणि तोही काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरच्या आसपास. प्लॅटिनमची बहुतेक कुलपे मात्र निळ्या किंवा अतिनील उजेडाने उघडतात, कारण त्यांत शक्ती अधिक. हळदीचे द्रव्यही निळा उजेडच पसंत करते. ते पिवळे दिसते ते त्यामुळेच. म्हणजे जो उजेड कुलूप उघडतो तो आत जात नाही, आणि जो आत जातो तो कुलूप उघडण्यास अशक्त. लाल उजेडाने उघडणारे आणि तरीही अंधारात घट्ट राहणारे कुलूप बनवणे, हे सध्याच्या सगळ्या खटपटीचे सार आहे. शिवाय रोग यकृतात, हाडांत, फुप्फुसात पसरला असेल तर सगळीकडे दिवा धरता येत नाही. तेथे या वाटेचा उपयोग नाही, हे कोणी लपवू नये.

माणसांपर्यंत काय पोचले आहे? रुथेनियम या धातूचे एक संयुग २०१७ साली कॅनडात मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रोग्यांना प्रथम दिले गेले. औषध मूत्राशयात भरावयाचे आणि बारीक तंतूतून हिरवा उजेड आत सोडावयाचा. पॅलेडियमचे एक औषध प्रोस्टेट ग्रंथीच्या सौम्य कर्करोगासाठी युरोपात २०१७ साली मान्य झाले, पण २०२० साली अमेरिकेतील सल्लागार समितीने त्याच्या बाजूने मत दिले नाही. ही दोन्ही प्राणवायूच्या जुन्या रीतीची आहेत. डीएनएला थेट धरणारी प्लॅटिनमची संयुगे अजून मुख्यत्वे बशांत आणि प्राण्यांत आहेत. उद्या कोणी जाहिरात करून ती विकू लागला तर तो लबाड समजावा.

पण एक विचार आम्हाला स्वस्थ बसू देत नाही. दिवा कोठे पोचतो? त्वचेला, मूत्राशयाला, अन्ननलिकेला, गर्भाशयमुखाला आणि तोंडाला. आणि भारतातल्या पुरुषांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग कोणता? ओठांचा आणि तोंडाचा. पाश्चात्त्य देशांतल्या प्रयोगशाळांना मूत्राशय जवळचे वाटले, हे त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे. आपल्याला जवळचा गाल आहे. कारखान्यात विडी ओढता येत नाही, आगीचे भय. हात यंत्रात गुंतलेले. रात्रपाळीला झोप आवरावयाची, जेवणाची सुट्टी लांब, म्हणून तंबाखूची चिमूट गालात. आयाबाया मिश्री लावतात ती चुलीपुढे. आपल्या राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. त्यानंतर पुड्या कोठे कोठे मिळतात हे या सभागृहातल्या पुष्कळांना आमच्याहून चांगले ठाऊक असेल. तोंडाच्या कर्करोगावर दिव्याने जागे होणारे औषध बनवण्याची निकड ज्या देशाला सर्वांत अधिक, त्याच देशात बंगलोरला त्यातली विद्याही आहे, आणि मुंबईत रोगी, डॉक्टर आणि प्रयोगांची शिस्त आहे. या दोन शहरांमधली गाडी मात्र अजून सुटावयाची आहे.

आणि हे औषध कोणी तरी कारखान्यात बनवणार आहे. प्लॅटिनम शुद्ध करणाऱ्या कारखान्यांतील कामगारांना त्याच्या क्षारांमुळे दमा जडतो, असे ब्रिटनमधील पाहणीने १९४५ सालीच दाखवून दिले. एकदा शरीराने ते मनावर घेतले की कणभर धुळीनेही छाती भरते आणि माणसाला ते खाते कायमचे सोडावे लागते. वागळे इस्टेट आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत ज्यांनी आयुष्य काढले त्यांना धुराचे आणि भुकटीचे हिशेब शिकवावयास नकोत. औषध झोपलेले आहे असे व्यवस्थापन सांगेल. खात्यात दिवे कोणत्या रंगाचे आहेत, ते आम्ही पाहून घेऊ.

तोपर्यंत काय? केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात एक मोठा प्रयोग झाला. प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन उजेडात लोकांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी तपासली; पांढरा चट्टा, लाल डाग, न भरणारी जखम दिसली की डॉक्टरांकडे पाठवले. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. साधी विजेरी आणि पाहणारे दोन डोळे, एवढेच भांडवल.

आम्ही आमच्या युनियनच्या मागणीपत्रात हे कलम घातले: वर्षातून एकदा दंतवैद्याकडून प्रत्येक कामगाराच्या तोंडाची तपासणी, कंत्राटी कामगारांसह, आणि तपासणीसाठी दोन विजेऱ्या कंपनीच्या खर्चाने. वाटाघाटीला बसल्यावर व्यवस्थापक म्हणाले, महागाई भत्ता समजतो, बोनस समजतो, विजेरीचे कलम हे काय? आम्ही केरळचे आकडे पुढे ठेवले. त्यांनी ते वाचले, थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनी ‘विजेऱ्या’ हा शब्द खोडून ‘आवश्यक साधने’ असे घातले, ‘कंत्राटी कामगारांसह’ हे शब्दही खोडण्यासाठी पेन टेकवले, आमच्याकडे पाहिले, आणि ते तसेच राहू दिले.